पंचवीस हजारांत कोण ठेवू?

वाचकाचा प्रश्न

लातूर शहरालगत राहणाऱ्या एका भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे. वय ४१. सहा वर्षांपूर्वी त्यांनी घरच्या ओट्यावर येसर आणि काळा मसाला करून ओळखीपाळखीत द्यायला सुरुवात केली. आज घरामागे पत्र्याचं शेड आहे, मसाला दळायचा पल्वरायझर आहे, नऊ बायका कामाला आहेत. मसाल्यांच्या जोडीला शेंगदाण्याची चटणी आणि करडईचं तेलही जातं. वर्षाची उलाढाल ६० लाखांच्या आसपास. लातूर, नांदेड, सोलापूरच्या दुकानांत माल उधारीवर जातो. पुणे, मुंबई, हैदराबादच्या गिऱ्हाइकांना कुरिअरने. एरवी रोज ३०-३५ पार्सलं, दिवाळीआधी ७० च्या वर. मिस्टर शेती बघतात, मिरचीची खरेदीही तेच करतात. मुलगी दहावीला आहे.

अडचण अशी की सगळं त्यांच्या फोनवर येऊन थांबतं. रात्री ११ वाजता लेबलं चिकटवत बसावं लागतं. जीएसटीची तारीख दोनदा चुकली. दुकानांकडे चार लाख अडकलेत. नांदेडची पार्सलं भलतीकडे फिरून येतात. त्या लिहितात, ‘यंदा वेळअमावस्येला शेतात गेले, तर भज्जीचं ताट पुढ्यात आणि फोन कानाला. सासूबाई म्हणाल्या, तू आलीस तरी कशाला?’

पुण्याची मैत्रीण म्हणते, चांगला ऑपरेशन्स मॅनेजर घे. भाची म्हणते, घरून काम करणारी ऑनलाइन असिस्टंट घे, तासावर पैसे द्यायचे. सासरे म्हणतात, पुतण्या बी.कॉम. होऊन बसलाय, घरचा माणूस सोडून बाहेरचा कशाला? महिन्याला २५ हजार बाजूला काढायची त्यांची तयारी आहे. प्रश्न दोन आहेत: ‘यातलं कोण ठेवू? आणि विश्वासू माणूस ओळखायचा कसा?’

उत्तर

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल होती. मैत्रिणीचा सल्ला, भाचीचा सल्ला, पुतण्याची गोष्ट, सगळ्यांना तुम्ही एकेक परिच्छेद दिलाय. आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी एक ओळ आहे: ‘शेड मावशी बघतात, पहिल्यापासून आहेत, सातवी शिकल्यात, पण तिकडचं टेन्शन नसतं.’ त्या ओळीखाली मी पेन्सिलीने दोन रेघा मारल्या.

तिकडचं टेन्शन नसतं म्हणजे काय, ते जरा बघा. मिरच्यांची देठं वेळेवर खुडून होतात. भाजणी करपत नाही. पल्वरायझर धुतला जातो. एखादी बाई आली नाही तर दुसरी तिच्या जागी बसते आणि हे तुम्हाला संध्याकाळी कळतं. अहो, मोठ्या कंपनीत याला प्रॉडक्शन सुपरवायझर म्हणतात आणि त्याच्या टेबलावर नावाची पाटी असते. तुमच्या हातून एक नेमणूक आधीच झालीय आणि ती उत्तम झालीय. फक्त त्या नेमणुकीला ना नाव आहे ना वेगळा पगार, म्हणून ती तुमच्या हिशोबात आलीच नाही. ‘कोण ठेवू’ या यादीत तुम्ही तीन बाहेरची माणसं लिहिलीत; चौथं माणूस शेडमध्ये बसलेलं आहे. सातवी शिकलेलं आहे म्हणून राहून गेलं का, हे तुमचं तुम्ही ठरवा.

आता तुमचा पहिला प्रश्न. मी तो थोडा मोडून बघते, कारण ‘कोण ठेवू’ हे विचारण्याआधी ‘अडतंय काय’ हे कळायला हवं, आणि पत्रावरून तरी ते तुम्हाला नीट कळलेलं नाही. तुम्ही लिहिता, ‘मला सगळं सांभाळणारं कुणीतरी हवं.’ हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत पापडवाल्यांकडून ऐकलंय, कोचिंग क्लासवाल्यांकडून ऐकलंय, एका रोपवाटिकेच्या मालकिणीकडून ऐकलंय. ‘सगळं’ या नावाची नोकरी नसते. आपल्याकडे पाडव्याला सालगडी ठरवतात ना, तेव्हा पारावर बसून काय काय बोलणं होतं आठवा. पैसे किती, ज्वारी किती, कपड्याचे जोड किती, बैलांचं कोण बघणार, रात्री पाण्याला कोण जाणार. सालगड्याला कुणी सांगत नाही की बाबा, तू सगळं बघ आणि जमलं तर मोंढ्यात जाऊन पट्टीचा हिशोबही करून ये. आपण मात्र शिकून सवरून ‘होतकरू उमेदवार पाहिजे, सर्व कामे येणे आवश्यक’ अशी जाहिरात व्हॉट्सॲपवर टाकतो.

म्हणून आधी एक साधी वही घ्या, शंभर पानी. दोन आठवडे कुणीही तुम्हाला काहीही विचारलं की एका ओळीत लिहायचं. फोन असो, शेडमधून हाक असो, मेसेज असो. पहिल्या दिवशी कंटाळा येईल, तिसऱ्या दिवशी गंमत वाटेल. ओळी साधारण अशा असतील: ‘बरणीची झाकणं संपली, कुठून आणू?’ ‘हैदराबादच्या बाई म्हणतात तेल गळालं, काय सांगू?’ ‘नांदेडचे दुकानदार म्हणतात मागचे राहू द्या, अजून दोन पेट्या पाठवा. पाठवायच्या का?’ ‘कुरिअरचा पोरगा आलाय, पार्सलं झाली का?’ ‘यंदा करडई महाग पडतेय, तेलाचा भाव वाढवायचा का?’

पंधरवड्यानंतर एका निवांत दुपारी बसा आणि प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर लिहा. शिकवलं तर दुसरं कुणीही करेल, अशा कामापुढे ‘ह’, म्हणजे हात. उत्तर एकदाच ठरवून कागदावर लिहिलं की पुन्हा विचारायची गरज उरणार नाही, अशापुढे ‘न’, म्हणजे नियम. आणि तुमच्याच डोक्याने व्हायला हवं, त्यापुढे ‘मी’. झाकणं आणि पार्सलं ‘ह’. तेल गळालं तो ‘न’. तेलाचा भाव ‘मी’. नांदेडच्या दोन पेट्या? तिथे तुम्ही ‘मी’ लिहाल. मी म्हणेन तो ‘न’ आहे. ‘मागचं बिल ३० दिवसांच्या वर थकलं असेल तर नवा माल नाही’, एवढी एक ओळ त्यासाठी पुरते. दर वेळी तुम्ही त्या दुकानदाराच्या आवाजावर ठरवता, म्हणून चार लाख अडकलेत.

माझा अंदाज आहे, तुमची वही ‘ह’ आणि ‘न’ यांनीच भरेल. ‘ह’ साठी माणूस लागतं. ‘न’ साठी एक रविवार लागतो. मॅनेजर लागतो तो बराच पुढे.

ऑपरेशन्स मॅनेजरबद्दल मी इतकी कठोर का, ते सांगते. परभणीत माझा छापखाना होता, २२ वर्षं चालवला. लग्नसराईत दिवस-रात्र एक होत असे, तेव्हा मीही कुणाचं तरी ऐकून एक मॅनेजर ठेवला. कचेरीतून निवृत्त झालेले, शिस्तीचे, शर्टाची इस्त्री कधी मोडली नाही असे गृहस्थ. पगार मला झेपत नव्हता तरी दिला. एकदा मी सेलूला लग्नाला गेले होते. अक्षता पडायच्या वेळी त्यांचा फोन: ‘मॅडम, कार्डाचा कागद संपलाय, कपाट बंद आहे.’ किल्ली माझ्या पर्समध्ये. चारशे पत्रिका त्या संध्याकाळी जायच्या होत्या, गेल्या दुसऱ्या दिवशी दुपारी. मी परत येऊन त्यांनाच बोलले. महिनाअखेर त्यांनी राजीनामा दिला आणि मी वर्षभर सगळ्यांना सांगत राहिले, की आपल्याकडे चांगली माणसं मिळत नाहीत हो.

तुमच्याकडेही आज तीच परिस्थिती आहे. मॅनेजर आला तर तो सांभाळणार कुणाला? शेड मावशींच्या हातात. हिशोब सीएंकडे. पार्सलं करायला स्वतंत्र माणूसच नाही. म्हणजे त्याच्या हाताखाली उरता तुम्ही. तो तुम्हाला विचारणार, तुम्ही सांगणार आणि मग तो ते दुसऱ्याला सांगणार. मधल्या एका माणसाचा पगार वाढला, एवढंच. शिवाय २५ हजारांत ज्याला खरोखर अनुभव आहे असा माणूस पुणं सोडून लातूरला का येईल? येईल तो शिकाऊ असेल आणि त्याला शिकवायला तुम्हाला रात्रीचे ११ चे १ वाजतील. तुमच्याकडे पार्सलचं, हिशोबाचं, दुकानांच्या विक्रीचं अशी तीन-चार माणसं वेगवेगळी होतील आणि त्यांची एकमेकांशी गाठ पडेनाशी होईल, तेव्हा या पदाचा विचार करा. (या पदाला मराठीत कारभारी म्हणावं तर आपल्याकडे त्याचा अर्थ भलताच होतो. तुमच्या पत्रातले कारभारी मिरची बघतात, ते ठीक चाललंय.)

ऑनलाइन असिस्टंटची कल्पना वाईट नाही. भाचीला सांगा की मी तिच्या बाजूने आहे, पण निम्मीच. घरून काम करणारी मुलगी व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी उतरवून घेईल, कुरिअरच्या पोर्टलवर लेबलं काढेल, पार्सल कुठं पोचलं ते गिऱ्हाइकाला कळवेल. तासाला पैसे, जागा नको, टेबल नको. ज्यांचा धंदा लॅपटॉपमध्येच आहे, म्हणजे शिकवण्या, डिझाइन, पत्रिका बघणारे ज्योतिषीसुद्धा, त्यांच्यासाठी ही पहिली नेमणूक अगदी योग्य. तुमचा माल मात्र गळतो, सांडतो, फुटतो. करडईच्या बाटलीचं बूच घट्ट बसलंय का, हे नाशिकला बसलेली मुलगी सांगू शकत नाही. दिवाळीच्या महिन्यात रोज दोन-तीन तासांपुरती अशी मदत जरूर घ्या. कायमची पहिली नेमणूक ती नको.

पुतण्या. इथे मला जपून लिहायला हवं, कारण हे उत्तर तुमच्या घरात वाचलं जाईल. तो हुशार असेल, प्रामाणिकही असेल. मी एकच विचारते: सहा महिन्यांनी जमत नाही असं दिसलं, तर ‘उद्यापासून येऊ नकोस’ हे तुम्ही त्याला सांगू शकाल का? आणि सांगितलंत, तर पुढच्या येळवशीला, म्हणजे वेळअमावस्येला, शेतातल्या एका कोपीत बसून सगळे जेवाल का? ज्याला काढता येणार नाही त्याला पहिल्यांदा ठेवू नये. तुमच्यासारख्या कितीजणींना घरच्या माणसाला ‘मदतीला’ ठेवून वर्षभर ना पगार ठरवता आला, ना काम सांगता आलं. सासऱ्यांना नाही म्हणणं अवघड असेल तर मधला मार्ग आहे. दुकानांच्या नव्या ऑर्डरी आणायचं काम त्याला द्या, कमिशनवर. निलंगा, अहमदपूर, उदगीरकडे अजून तुमचा माल जात नाही, असं पत्रावरून दिसतं. वसुलीची रोकड मात्र त्याच्या हातून नको. दुकानदाराने पैसे थेट फर्मच्या खात्यावर टाकायचे. हे पुतण्यासाठीच असं नाही, कुणाहीसाठी.

मग ठेवायचं कोण? तुमच्या २५ हजारांची मी अशी वाटणी करेन.

त्यातले १४ हजार पार्सल-ऑर्डरच्या कामाला, पूर्ण वेळ, शेडमध्येच बसणारं माणूस. बारावी पुरे. मराठी-हिंदी बोलता यावं, मोबाइलवर टाइप करता यावं, आणि हातात वही घ्यायची लाज वाटू नये. नाव काहीही द्या, ‘डिस्पॅच’ म्हणा, आजकाल सगळ्यांना कळतं. ऑर्डर उतरवून घेणं, पैसे आले का बघणं, पॅक करणं, लेबल, कुरिअरकडे मोजून देणं, परत आलेल्या पार्सलची नोंद, आणि झाकणं-बाटल्या-खोकी संपायच्या आधी सांगणं. काम एवढंच, आणि ते दिवसभर पुरेल. किमान वेतनाचा चालू दर एकदा बघून घ्या. १४ त्याहून कमी पडत असतील तर वाढवा.

५ हजार अर्धवेळ हिशोबनीसाला. आठवड्यातून दोन दुपारी येणारा, मोंढ्यातल्या आडतीवर काम करणारा एखादा चालेल. त्यांना उधारीची वही जशी कळते तशी कॉलेजात शिकवत नाहीत. तुमची जीएसटीची तारीख चुकली ती सीएंमुळे नाही. बिलं तुम्ही त्यांना १९ तारखेला पिशवीत भरून दिली असणार आणि दर महिन्याचं ३बी विवरणपत्र २० तारखेला असतं. उशिराला दिवसाचे ५० रुपये आणि वर व्याज. पाच कोटींपर्यंतच्या उलाढालीला विवरणपत्र तिमाही भरायची सोय आहे, कर मात्र महिन्याला जमा करावा लागतो. तुम्हाला ते सोयीचं पडेल का हे सीएंना विचारा. पण तीन महिन्यांची बिलं एका पिशवीत कोंबणार असाल तर विचारू नका.

३ हजार मावशींना. पगारवाढ म्हणून, आणि सगळ्यांसमोर सांगून: आजपासून शेडच्या सुपरवायझर या. सुट्टी त्या देतील, काम त्या वाटतील. हे बोलणं नव्या माणसाच्या आधी करा. नाहीतर बारावी झालेली एक पोरगी खुर्चीवर येऊन बसेल, मावशींना ‘ओ मावशी, बरण्या आणा’ म्हणेल, आणि तुमचं जे टेन्शन नव्हतं तेही सुरू होईल.

उरले ३ हजार. ते खर्चू नका, लागणार आहेत. तुमच्याकडे नऊ जणी आहेत, नवं माणूस दहावं. दहाव्या माणसाबरोबर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू होण्याचा प्रश्न येतो, आणि तो एकट्या त्या माणसापुरता नसतो. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या सगळ्यांच्या पगारावर मालकाचे सव्वातीन टक्के आणि कामगाराचा पाऊण टक्का. म्हणजे एकूण पगार लाखभर असेल तर तुमच्या खिशातून ३,२५०. नेमणुकीआधी सीएंकडून नीट समजून घ्या. पुष्कळजण हे टाळायला नवव्या माणसावर थांबतात किंवा दहावीला कागदावर दाखवतच नाहीत. तुम्ही तसं करू नका. बाळंतपण असो, मिरचीच्या धुराने बसलेली छाती असो, त्या बायकांच्या दवाखान्याची ती सोय आहे. पीएफचा आकडा वीसचा, तो अजून लांब आहे.

तुमचा दुसरा प्रश्न विश्वासू माणसाचा. कपाळ बघून विश्वासू माणूस ओळखणारे लोक मला भेटलेत. त्यांच्याच गल्ल्यातून पैसे गेलेलेही बघितलेत. जुन्या आडतीवर काय चालायचं? मापाडी वजन करायचा, हमाल उचलायचा, मुनीम लिहायचा, शेठ सही करायचा. मापाड्याने लिहायचं नाही, मुनीमाने काट्याला हात लावायचा नाही. त्यात कुणाचा अपमान नव्हता. तुमच्याकडे तेवढंच करा: जी पॅक करेल तिने पार्सलं मोजून कुरिअरला द्यायची नाहीत, ती मावशी मोजतील आणि सही घेतील. पैसे फर्मच्या क्यूआरवर येतील, कुणाच्या खासगी नंबरवर नाही. हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि कुरिअरच्या पोर्टलवर नव्या माणसाचं वेगळं लॉगिन काढा. बँकेचा ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, पुतण्यालाही नाही, मला तर नाहीच. एवढं केलंत की मध्यम प्रामाणिक माणूससुद्धा प्रामाणिक राहतो.

तुम्हाला आणखी एक भीती आहे, पत्रात ती अर्धीच लिहिलीत: ‘प्रमाण बाहेर गेलं तर?’ म्हणून अजून प्रत्येक घाण्याला तुम्ही स्वतः उभ्या राहता. याला सोपा उपाय आहे. आठवड्यातून एक सकाळ दार लावून घ्या. दगडफूल, नागकेशर, तमालपत्र, जे काय तुमचं गुपित असेल ते एकेका घाण्यापुरतं मोजून पिशव्यांत भरा, पिशव्यांवर नंबर घाला, नाव नको. मावशी म्हणतील, ‘आज चार नंबर,’ आणि घाणा निघेल. चव तुमच्या हातातच राहील, फक्त त्यासाठी रोज शेडमध्ये उभं राहावं लागणार नाही. धने आणि खोबरं किती, हे बायकांना कळेलच. ते त्यांना आधीच कळलेलं आहे, विचारून बघा.

निवड कशी करायची? मुलाखतीत ‘तुमच्या कमजोर बाजू सांगा’ वगैरे विचारू नका. दोन दिवस बोलवा आणि त्या दोन दिवसांचे पैसे द्या. खरी वीस पार्सलं करायला सांगा. त्यातल्या एकावर मुद्दाम पत्ता लिहा: ‘नांदेड ४१३६०१’. लातूरचे पिनकोड ४१३ ने सुरू होतात, नांदेडचे ४३१ ने. आकडे उलटे पडले की पार्सल भलतीकडे जातं. तुमची नांदेडची पार्सलं फिरून येतात ती यामुळेच, अशी मला दाट शंका आहे; जुनी लेबलं काढून बघा. उमेदवाराला पिनकोड पाठ असावेत अशी अपेक्षा नाही. पण बाकीच्या नांदेडच्या पत्त्यांवर ४३१ आणि यावर ४१३ कसं, असं जिच्या मनात येईल, आणि जी गप्प न बसता विचारेल, तिला घ्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अजून एक बघा: उरलेली खोकी तिने कुठे आणि कशी ठेवली.

ठेवल्यावर पहिले पंधरा दिवस तुम्ही शेजारी बसा. पंधरा दिवस, तीन नाही. तिने केलेलं काम रात्री परत तपासून दुरुस्त करत बसू नका. सकाळी तिलाच दाखवा. आणि तिला एक रक्कम देऊन टाका: गिऱ्हाइकाची तक्रार ५०० रुपयांच्या आतली असेल तर मला न विचारता मिटव, बाटली परत पाठव, वहीत लिही. महिन्यातून एखादी बाटली फुकट जाईल. तुमचा हैदराबादच्या बाईंशी होणारा वीस मिनिटांचा फोन वाचेल. कॅश ऑन डिलिव्हरीची पार्सलं पाठवण्याआधी फोन करून खात्री करायची, हाही नियमांच्या कागदावर घाला. परत आलेल्या पार्सलला जायचं भाडंही तुमचं आणि यायचंही.

अडकलेल्या चार लाखांसाठी वेगळा माणूस नको. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, असेलच. नसेल तर ऑनलाइन फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. बिलावर तो क्रमांक छापा आणि खाली मुदत लिहा. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे तुमच्यासारख्या उत्पादकाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. नांदेडच्या किराणा दुकानदाराला कायदा ऐकवायला जाऊ नका, तो हसेल आणि दुसऱ्याचा मसाला ठेवेल. पण बिलावर तारीख असली की हिशोबनीसाला सोमवारी फोन करताना बोलायला काहीतरी असतं. ‘ताईंनी सांगितलंय’ यापेक्षा ‘बिलावर १२ तारीख आहे’ हे सोपं जातं.

वेळेचं म्हणाल तर आत्ताचीच चांगली. उन्हाळी काम आटोपलंय, वर्षाची मिरची भरून झालीय, दिवाळीला तीन-साडेतीन महिने आहेत. दसऱ्याच्या तोंडावर माणूस ठेवाल तर शिकवायला तुम्हालाच वेळ नसेल आणि पहिल्या चुकीला तुम्ही ओरडाल. तेव्हा आषाढात वही आणि नियमांचा कागद, श्रावणात माणूस. मुलीची दहावी आहे, लातुरात दहावी म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको. दिवाळीनंतर घरातही तुमचा वेळ लागणार.

पितृपंधरवड्यात ऑर्डरी मंदावतात. त्या पंधरवड्यात दोन दिवस माहेरी जा. फोन डिस्पॅचच्या मुलीकडे ठेवून जायचा, तुमच्याकडे फक्त घरच्यांचा नंबर असलेला दुसरा. शेडमध्ये सांगून ठेवा: आग, पाणी किंवा माणसाला लागलं तरच फोन, बाकी काहीही अडलं तर त्याच शंभर पानी वहीत लिहायचं. परत आल्यावर जे लिहिलेलं सापडेल त्यातलं किती नियमांच्या कागदावर घालता येतं ते बघा. अर्धवेळ हिशोबनीसाचा दिवस वाढवायचा की दिवाळीपुरती भाचीची ऑनलाइन मुलगी घ्यायची, हे तेव्हा त्या पानांवरून ठरवता येईल. दोन्ही दिवसांची पानं कोरी निघाली तर मात्र मावशींना विचारा, की खरंच काही अडलं नाही, का सगळ्याजणी तुम्ही यायची वाट बघत होत्या.